नवा बोलिंग बॉल: अंगठा अडकू नये म्हणून

नवा बॉल हातात नीट बसतो की नाही, हे आधी वजनावर नाही, अंगठ्याच्या भोकावर ठरतं. अंगठा मुळापर्यंत आत घाला आणि हळूच फिरवा. चारही बाजूंनी कातडी हलकी घासली पाहिजे, पण ओढली जाता कामा नये. भोक सैल असेल तर बॉल पडू नये म्हणून आपण नकळत अंगठा वाकवून आवळतो. अंगठा सुटायला उशीर होतो तो बहुतेक वेळा यामुळेच. म्हणून ‘सुटत नाही’ म्हणून लगेच भोक मोठं करून घेऊ नका; आधी टेप लावून पाहा.

टेपचा एक तुकडा भोकाच्या आत, अंगठ्याच्या पाठीकडच्या, म्हणजे नखाच्या बाजूला, भोकाच्या कडेपासून सुमारे 6 मिलिमीटर खाली चिकटवा. कडेवर आला तर तोच टोचतो. एका वेळी एकच तुकडा, मग चार-पाच फेकी. खेळताना अंगठा सुजतो, तेव्हा एक काढायचा. गार हवेत आक्रसतो, तेव्हा एक वाढवायचा.

अंगठ्याच्या मुळाशी ताण आला तर भोकांमधलं अंतर जास्त आहे. टेपने ते सुटत नाही, भोकं बुजवून पुन्हा पाडावी लागतात. कडेवर फोड येत असेल तर मात्र प्रो-शॉपमध्ये (बोलिंगचं सामान विकणारं, बॉलला भोकं पाडून देणारं दुकान) कड थोडी गोलसर करून घेतली की भागतं.

फेकताना अंगठा आधी निघतो, बोटं नंतर. मनगट सरळ ठेवा, पकड सैल ठेवा.