जेनोवा बंदरात एक दिवस: आधी वर चढा, मग उतरत या

क्रूझच्या पत्रकात ‘रोम’ छापलेलं असलं तरी जहाज लागतं चिवितावेक्कियाला, आणि तिथून रोम रेल्वेनं साधारण तासाभरावर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो किंवा ला स्पेझिया. जेनोवाचं तसं नाही. जहाज लागतं ते स्ताझिओने मारित्तिमा हे धक्क्यावरचं स्टेशन गावातच आहे आणि प्रिंचिपे हे रेल्वेस्टेशन तिथून पायी दहा मिनिटांवर. वर्धा-यवतमाळकडून पहिल्यांदा निघालेल्या, गुडघे दुखणाऱ्या आईबाबांना सोबत घेऊन फिरायला इटलीतलं हे फार सोयीचं बंदर आहे.

आदल्या रात्री जहाजाच्या दैनिक पत्रकात दोन गोष्टी शोधा. पहिली, परत चढण्याची शेवटची वेळ. ती जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. फाट्यावरची एसटी ओळखीचा कंडक्टर असला तर दोन मिनिटं थांबते, जहाज कुणासाठी थांबत नाही. जहाजानं स्वतः नेलेली सहल उशिरा आली तरच ते वाट पाहतं. दुसरी, बंदरातल्या एजंटचा फोन नंबर. तो कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण मोबाईलची बॅटरी संपली तर फोनमधला नंबर कामी येत नाही. जहाजाचं कार्ड, पासपोर्टची आणि व्हिसाची झेरॉक्स जवळ असू द्या. जहाज मध्ये ट्युनिशिया किंवा तुर्कस्तानला जाऊन पुन्हा इटलीत येणार असेल, तर शेंगेन व्हिसा, म्हणजे इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा, एकाहून जास्त वेळा प्रवेश देणाराच लागतो. हे तिकीट काढतानाच बघायचं. जहाजावर मोबाईल एअरप्लेन मोडवर ठेवा, समुद्रातल्या नेटवर्कचं बिल भलतंच येतं.

आता मुख्य गोष्ट. जेनोवा डोंगरउतारावर वसलंय. बहुतेक लोक बंदरापासून चढत जातात आणि दुपारी दमतात. तुम्ही उलट करा. प्रिंचिपेहून ब्रिन्योलेकडे जाणारी मेट्रो धरा आणि चौथ्या थांब्यावर, दे फेर्रारीला उतरा. कागदी तिकीट यंत्रात घालून शिक्का उमटवायला विसरू नका; शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड भरावा लागतो. दे फेर्रारी चौकातून व्हिया गारिबाल्दी या रस्त्याला चालत जा. दोन्ही बाजूंना जुन्या सावकार घराण्यांचे वाडे आहेत. शहरातले असे ४२ वाडे, ज्यांना ‘रोल्ली’ वाडे म्हणतात, २००६ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात. तशा दिवशी आत डोकावता येतील तेवढे चौक बघून पुढे निघा. जवळच्या पोर्तेल्लो चौकातून बोगद्यानं आत गेलं की लिफ्ट आहे, ती कास्तेल्लेत्तोच्या गच्चीवर नेते. स्लेटची करडी छपरं, बंदर, १५४३ साली पुन्हा बांधलेला ७७ मीटर उंच दीपस्तंभ आणि तुमचं जहाज, सगळं तिथून दिसतं. एकही पायरी न चढता.

तिथून उतरत सान लोरेन्झो कॅथेड्रलला या. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत; साडी असेल तर प्रश्नच नाही. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या या देवळात उजव्या बाजूला ९ फेब्रुवारी १९४१ ला ब्रिटिश नौदलानं डागलेला, न फुटलेला तोफगोळा ठेवलाय. मंदिराला लागूनच धर्मप्रांताचं संग्रहालय आहे. कापूस पिकवणाऱ्या मुलखातल्या माणसानं ते चुकवू नये. निळीत रंगवून वर पांढऱ्या रंगानं येशूची कथा चितारलेली १४ मोठी कापडं तिथं आहेत, सोळाव्या शतकापासूनची. कापड लिननचं, म्हणजे आपल्या जवसाच्याच झाडाच्या धाग्याचं. याच बंदरातून सुती मिश्रणाचं जाडंभरडं कापड बाहेर जायचं. फ्रेंच लोक जेनोवाला ‘झेन’ म्हणत, त्यावरून ‘जीन्स’ हा शब्द आला. कोलंबसचा बापही इथला लोकर विणणारा विणकर होता.

कॅथेड्रलच्या खालचे बोळ, तिकडचे ‘कारुज्जी’, इतके अरुंद आणि घरं इतकी उंच की मोबाईलचा नकाशा भरकटतो. वाट चुकली तर उतार धरा, समुद्र लागतोच. पाकीट पुढच्या खिशात ठेवा, पिशवी पोटाशी घ्या. धक्क्याजवळच्या व्हिया दी प्रे रस्त्यावर तर जास्तच. पाऊस असेल तर दगडावरून चपला घसरतात, म्हणून बूटच घाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लाल इशारा असेल तर बोळांत शिरूच नका. २०११ आणि २०१४ मध्ये इथं जीवघेणे पूर आले होते.

जेवणाची चिंता करू नका. फारिनाता म्हणजे हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ. पीठ काही तास भिजत ठेवतात आणि मोठ्या तांब्याच्या परातीत पातळ ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. चवीला धिरड्याच्या जवळचं, वरून मिरपूड. ते गरमच खा, गार झालं की चामट होतं. काही दुकानांत त्यात बारीक मासे घालतात, म्हणून मागताना ‘सेन्त्सा पेशे’, म्हणजे मासे नकोत, असं सांगा. धक्क्यासमोरच्या सोत्तोरिपा कमानींखाली तळणीच्या दुकानांत मासे आणि बाकीचं सगळं एकाच तेलात तळलं जातं, तिथलं तळलेलं शाकाहारी माणसानं घेऊ नये. कांद्याचा फोकाच्चा, म्हणजे ऑलिव्ह तेलातला चपटा पाव, चालतो. पेस्तो या बेसिलच्या पानांच्या हिरव्या चटणीत मात्र पार्मेझान चीज असतं आणि ते वासराच्या पोटातल्या रेनेटनं, म्हणजे दूध गोठवणाऱ्या विरजणानं, बनतं. कडक शाकाहारी असाल तर तो सोडा. हॉटेलात बसलात तर बिलात ‘कोपेर्तो’ दिसेल. ती माणशी बसण्याची आकारणी, फसवणूक नव्हे. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली भरून घ्या. खर्ऱ्याची पुडी केबिनमध्येच ठेवा.

लहान मुलं असतील तरच मत्स्यालयात जा, त्याला दोन-तीन तास लागतात.

चढण्याची शेवटची वेळ साडेचार असेल तर तीनला कारिकामेंतो चौकातून निघा. समुद्राकडे तोंड करून उजवीकडे वळा आणि उंचावरचा मोटाररस्ता सोबत ठेवून चालत राहा. वीस-पंचवीस मिनिटांत स्ताझिओने मारित्तिमा येतं. तिथं सामान तपासणीची रांग असते, म्हणून जहाजाचं कार्ड आणि पासपोर्टची झेरॉक्स दारात पोहोचण्याआधीच हातात काढून ठेवा.