काशीचे घाट नावेतून: कुठे बसावं, कुठे उतरावं

काशीत गंगा उत्तरेकडे वाहते आणि सगळे घाट पश्चिम काठावर, पूर्वेकडे तोंड करून आहेत. म्हणून पहिलं ऊन थेट पायऱ्यांवर पडतं. दुपारनंतर मात्र सूर्य इमारतींच्या मागे जातो आणि घाट काळपट दिसतात. फेरी पहाटेचीच घ्यावी. जूनमध्ये सूर्योदय पाचच्या सुमारास होतो, जानेवारीत पावणेसातच्या. त्याआधी अर्धा तास अस्सी घाटावर पोहोचावं.

अस्सीहून पंचगंगा घाटापर्यंत प्रवाहाबरोबर साधारण चार किलोमीटर. वल्ह्याची नाव घेतली तर दीड तास धरावा. मोटरबोट लवकर नेते, पण इंजिनाच्या आवाजात वाटाड्याचं बोलणं बुडतं. उलट दिशेने निघालात तर नावाडी प्रवाहाशी झुंजत राहतो, आणि बरेचदा फेरी अर्ध्यावरच वळते.

बसण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवाव्यात: भाडं माणशी की नावेचं, तासावर की पल्ल्यावर, आणि उतरायचं कुठे. ‘पूरे घाट’ एवढ्यावर थांबू नये, पंचगंगेचं नाव घ्यावं. नाहीतर वाटेतल्या दशाश्वमेध घाटालाच उतरवतात. आणि मराठी माणसाने पाहावं असं बरंच काही त्याच्यापुढे आहे.

डाव्या बाजूला बसावं, घाट त्याच हाताला येतात. लाइफ जॅकेट घालूनच निघावं. चेतसिंह घाटाचा किल्ला लागला की काशीचा राजा चेतसिंह याचा 1781 चा, इंग्रज गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जविरुद्धचा उठाव वाटाड्याला विचारावा. पुढे राजा घाट अमृतराव पेशव्यांचा, मग अहिल्याबाई घाट. मणिकर्णिकेचा जीर्णोद्धारही अहिल्याबाईंनीच केला. तिथे कॅमेरा आणि मोबाईल खाली ठेवावा: चिता जळत असतात, नातेवाईक जवळच उभे असतात. लगेच पुढे कललेलं रत्नेश्वर मंदिर. इथे नाव थोडी थांबवायला सांगावी, कारण कल बाजूने नीट कळतो. मग शिंदे घाट, भोसले घाट आणि शेवटी पंचगंगा. उतरून पायऱ्या चढल्या की बिंदुमाधवाचं दर्शन होतं.

संध्याकाळच्या आरतीला नाव वेगळी ठरवावी आणि तासभर आधी बसावं. उशीर झाला तर दशाश्वमेधासमोर नावांच्या मागच्या रांगेत अडकायला होतं.

डिसेंबर-जानेवारीत दाट धुकं असेल तर ऊन वर येईपर्यंत थांबावं. पावसाळ्यात पाणी चढलं की प्रशासन नावा बंद करतं. तेव्हा कुणी गुपचूप न्यायला तयार झाला तरी बसू नये, बुडालेल्या पायऱ्या आणि मंदिरांवर नाव आदळते.