गोरे बेट अर्ध्या दिवसात कसं पाहावं

सेनेगलची राजधानी डाकार, तिच्या बंदरातून फेरीबोट वीसेक मिनिटांत गोरेला पोचवते. (नावावर जाऊ नका, गोऱ्यांशी त्याचा संबंध नाही, ते डचांकडून आलंय.) तिकीट काढताना पासपोर्ट जवळ ठेवा आणि सीएफए फ्रँक (तिथलं चलन) सुटे घ्या. सोमवारी 'गुलामांचं घर' (गुलामांच्या व्यापाराच्या काळातलं घर, आता संग्रहालय) बंद असतं, तो दिवस सोडा.

बहुतेक जण उतरल्या उतरल्या त्या घराकडे धावतात. तसं करू नका. आधी दक्षिण टोकाची कास्तेल टेकडी चढा. बेट जेमतेम 900 मीटर लांब आणि 300 मीटर रुंद, त्यामुळे धक्क्यापासून पंधरा-वीस मिनिटं पुरतात. गंजलेल्या जोडतोफेपाशी उभं राहून उत्तरेकडे पाहा. पायाखाली बेसाल्टचे कडे, पलीकडे धक्क्याची छोटी खाडी, तिला आडोसा केप व्हर्द द्वीपकल्पाचा, म्हणजे डाकार ज्यावर वसलंय त्याचा. सगळी भांडणं या शांत नांगरवाड्यासाठी झाली. 1444 मध्ये पोर्तुगीज आले, मग डच. 1664 मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं, त्याच वर्षी डचांनी परत मिळवलं आणि 1677 मध्ये फ्रेंचांनी हिसकावलं. गोड्या पाण्याची मात्र इथे कायम वानवा.

आता खाली उतरा. 'गुलामांचं घर' 1776 च्या सुमाराचं. खाली अंधाऱ्या कोठड्या, वर मालकांची हवेशीर दालनं. बेटावरच्या अशा अनेक घरांच्या मालकिणी 'सिन्यार' होत्या: आफ्रिकी-युरोपीय वंशाच्या, व्यापार सांभाळणाऱ्या, स्वतः गुलाम बाळगणाऱ्या. इथूनच गुलामांना जहाजावर चढवत असं सांगतात, त्या मागच्या प्रसिद्ध दारातून बाहेर डोकावा. खाली काळे खडक दिसतात. तिथे जहाज लागणं अवघडच. गोरेहून पाठवलेल्या गुलामांचे गाइड लाखांचे आकडे सांगतात, ते जसेच्या तसे उतरवून घेऊ नका. बऱ्याच इतिहासकारांच्या मते गोरेहून गेलेल्यांची संख्या त्याहून खूप कमी होती. आकडा घटला म्हणून कोठडी खोटी ठरत नाही. फ्रेंच वसाहतींत गुलामी संपली ती 1848 मध्ये.

शेवटी उत्तर टोकाचा गोल देस्त्रे किल्ला. नाव 1677 मध्ये बेट जिंकणाऱ्या फ्रेंच सेनानीचं असलं, तरी बांधकाम 19 व्या शतकातलं. इथे हमखास गल्लत होते. आत इतिहास संग्रहालय आहे. 1857 मध्ये फ्रेंचांनी समोर डाकार वसवलं आणि व्यापार हळूहळू तिकडे सरकला. सेनेगलचे राजकीय नेते ब्लेझ दियान्य याच बेटावर 1872 मध्ये जन्मले आणि 1914 मध्ये पॅरिसच्या संसदेत निवडून गेले.

परतीच्या बोटीची वेळ उतरतानाच धक्क्यावर विचारून ठेवा.