कुकी-चीजकेक बार घरी करताय? या चुका टाळा

कुकी-चीजकेक बार म्हणजे तळाला कुकी, मध्ये चीजकेकचा थर आणि वर पुन्हा कुकीचे तुकडे. कुकीला कोरडी, खणखणीत आंच लागते आणि चीजकेकला मंद. एकाच टिनमध्ये हे दोन्ही भाजायचे म्हटले की घोळ तिथूनच सुरू होतो. तळाची कुकी नीट भाजली जावी म्हणून वेळ वाढवला तर मधलं चीज फाटतं, आणि चीज मऊ राहावं म्हणून टिन लवकर बाहेर काढला तर कुकी कच्चट लागते. नागपुरात घरच्या ओटीजीत, म्हणजे ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, मी हे बार गेली काही वर्षं करते आहे, मैत्रिणींना शिकवतेही. प्रत्येकीची अडचण फिरून फिरून इथेच येते. आणि गंमत म्हणजे बहुतेक चुका ओव्हनच्या आत होतच नाहीत. त्या आधी ओट्यावर होतात, नाहीतर नंतर फ्रिजपाशी.

पुढचं समजायला सोपं जावं म्हणून माझं प्रमाण आधी सांगते. ८ इंची चौकोनी टिन. कुकीसाठी ११५ ग्रॅम बिनमिठाचं बटर, १०० ग्रॅम ब्राऊन शुगर, ५० ग्रॅम साधी साखर, १ अंडं, १७० ग्रॅम मैदा, पाव छोटा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ आणि १२० ग्रॅम चॉकलेट चिप्स. चीजकेकसाठी २२५ ग्रॅम क्रीम चीज, ६० ग्रॅम बारीक साखर, १ अंडं, १ छोटा चमचा व्हॅनिला. कुकीच्या पिठाचे तीन भाग करायचे, दोन तळाला आणि एक वर.

सगळं ग्रॅममध्ये दिलंय ते मुद्दाम. एकाच कपात मैदा हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅम बसतो, डब्यात कप खुपसून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. एवढ्या फरकाने तळ दडदडीत होतो. साधा वजनकाटा घ्या, यातले निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

‘रूम टेम्परेचर’ म्हणजे कुणाच्या खोलीचं?

चॉकलेट चिप कुकी १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, रूथ वेकफिल्ड यांच्या टोल हाऊस इनमध्ये जन्मली. अमेरिकन क्रीम चीज त्याच्याही आधीचं, १८७० च्या दशकातलं, न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावचं. दोन्ही थंड मुलखातले पदार्थ. ‘बटर रूम टेम्परेचरला आणा’ असं तिकडची कृती सांगते तेव्हा २० अंश सेल्सियसच्या आसपासची खोली तिच्या मनात असते. आमच्याकडे मे महिन्यात ओट्यापाशी उभं राहवत नाही. तासभर बाहेर ठेवलेल्या बटरचं तोवर पाणी झालेलं असतं.

बटर वितळलं की साखरेबरोबर फेटून त्यात हवा धरली जात नाही. पीठ सैल होतं, भाजताना तूप तळाला उतरतं, कडा तेलकट आणि कडक होतात. उन्हाळ्यात बटरचे चौकोनी तुकडे करून फक्त ८-१० मिनिटं बाहेर ठेवा. बोट दाबल्यावर खड्डा पडला पाहिजे, पण बोट चकाकता कामा नये. डिसेंबरात उलटं होतं, अर्धा तास ठेवूनही बटर दगडासारखं राहतं. तेव्हा भांडं कोमट पाण्यावर काही क्षण धरायचं आणि लगेच काढायचं. घरचं पांढरं लोणी मात्र इथे वापरू नका. त्यात पाणी जास्त असतं आणि तळ गच्च होतो. पिवळं मिठाचं बटरच घरात असेल तर प्रमाणातलं चिमूटभर मीठ पूर्ण वगळा.

क्रीम चीजचं गणित वेगळं आहे. त्याची थंडी पूर्ण गेली पाहिजे, नाहीतर गुठळ्या राहतात. इथे एक क्रम मी कधीही मोडत नाही. आधी नुसतं चीज मिनिटभर फेटून गुळगुळीत करायचं, मग साखर आणि व्हॅनिला, आणि अंडं सगळ्यात शेवटी. अंडं घातल्यावर फक्त मिसळेपर्यंत, हातानेच ढवळायचं. अंडं पडल्यावर गुठळी दिसली म्हणून मिक्सर जोरात फिरवला तर गुठळी जात नाही, हवा मात्र भरपूर शिरते. तो थर ओव्हनमध्ये टम्म फुगतो आणि बाहेर आल्यावर मधोमध बसतो. त्यापेक्षा श्रीखंडाचा चक्का पुरणयंत्रातून काढतो त्या हिशेबाने मिश्रण बारीक गाळणीतून चमच्याने दाबून काढा. पाच मिनिटांचं काम आहे आणि थर रेशमासारखा होतो.

चीज कोणतं?

पोळीला लावायचं चीज स्प्रेड म्हणजे क्रीम चीज नव्हे. डबे सारखे दिसतात, म्हणून ही चूक फार होते. स्प्रेड प्रोसेस्ड चीजचं आणि खारट असतं. साध्या, बिनमसाल्याच्या क्रीम चीजचाच डबा उचला. उघडल्यावर वर पाणी सुटलेलं दिसलं तर ते ओतून टाका, मिश्रणात ढवळू नका. घरपोच आलेलं चीज रव्यासारखं रवाळ दिसलं तर ते वाटेत गोठलेलं असण्याची शक्यता मोठी. ते पराठ्यात वापरा. या थरात त्याचा रवाळपणा जात नाही.

क्रीम चीज महाग पडतं, मग चक्का चालेल का, हे मला सतत विचारलं जातं. चालतो. पण दही सायीच्या दुधाचं हवं आणि चक्का रात्रभर फ्रिजमध्ये टांगलेला हवा. तासा-दोन तासांचा चक्का भाजताना पाणी सोडतो आणि ते सगळं तळाच्या कुकीत मुरतं. चक्क्यात स्निग्धांश कमी, म्हणून २२५ ग्रॅमला २ मोठे चमचे फ्रेश क्रीम आणि १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर घालते. चव जरा आंबूस येते. मला ती चॉकलेटबरोबर आवडते, पण क्रीम चीजचीच चव हवी असेल तर काटकसर इथे करू नका.

अंडं चालत नसेल तर चीजकेकच्या थरात अंड्याऐवजी १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर आणि ३ मोठे चमचे क्रीम, आणि कुकीत ३ मोठे चमचे दूध. पिठूळ चव जायला याला चार-पाच मिनिटं जास्त द्यावी लागतात.

ब्राऊन शुगरबद्दलही थोडं. आपल्याकडे त्या नावाने पुष्कळदा जाड, कोरडी, दाणेदार साखर मिळते. कुकीला ओलावा देते ती मुठीत दाबली की ढेकूळ होणारी, मळीचा अंश असलेली मऊ साखर. ती नाही मिळाली तर १०० ग्रॅम साध्या साखरेला एक छोटा चमचा दाट काकवी हाताने चोळून घ्या. कोल्हापूरकडच्या काकवीचा खमंगपणा या कुकीत इतका छान लागतो की आता मी तीच वापरते.

तळ आधी भाजा

कच्च्या पिठावर ओलं चीज ओतलं तर ते पीठ वाफेत शिजतं, भाजलं जात नाही. मग खाली पांढुरका लगदा उरतो. पिठाचे दोन भाग टिनमध्ये सारख्या जाडीने थापा, कोपऱ्यांत नीट दाबा आणि १७५ अंशांवर १० ते १२ मिनिटं भाजा. कडेला जेमतेम रंग धरला की बाहेर. नंतर दहा मिनिटं थांबा. धगधगत्या तळावर चीज ओतलं तर ते कडेला लगेच थिजायला लागतं आणि थर खालीवर होतो.

टिनमध्ये कागद घालाच, आणि दोन बाजूंनी तो वर उभा राहू द्या म्हणजे नंतर सगळा ठोकळा उचलता येतो. पण कागद बेकिंगचाच हवा. मेण लावलेला बटर पेपर ओव्हनमध्ये धूर करतो.

टिनच्या मापाची चूक वरवर छोटी वाटते, पण थराची जाडी तिच्यावरच ठरते. याच प्रमाणाला ९ इंची चौकोनी टिन घेतला तर पसारा सव्वापट होतो आणि चीजकेकचा थर पापडासारखा वाळतो. घरी गोल टिनच असेल तर ९ इंची गोल घ्या, त्याचं क्षेत्रफळ ८ इंची चौकोनाइतकंच भरतं. काचेचं भांडं उशिरा तापतं आणि बाहेर काढल्यावरही आतलं भाजत राहतं, त्यामुळे मी ॲल्युमिनियमच पसंत करते.

वरच्या थरात सगळ्यांचाच हात सैल सुटतो. उरलेलं पीठ अख्ख्या चीजवर पसरवून झाकण लावू नका. खालचं चीज आळून येईपर्यंत वरचं पीठ करपतं. पिठाचे सुपारीएवढे गोळे घ्या, तळहातावर चपटे करा, पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि मग अंतर सोडून मांडा. मधून चीज दिसलं पाहिजे. गार आणि चपटे असले की ते चीजमध्ये बुडत नाहीत.

ओटीजीचा स्वभाव ओळखा

ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत २०-२५ अंशांचा फरक सहज निघतो. आत टांगायचा थर्मामीटर स्वस्तात मिळतो, तो एकदा लावून बघा. दोन्ही रॉड चालू ठेवून निदान १५ मिनिटं तापवा. चीज ओतल्यावर १६५ अंशांवर भाजा आणि टिन मधल्या नाही, त्याच्या खालच्या खाचेत ठेवा. छोट्या ओटीजीत वरचा रॉड पदार्थाच्या अगदी डोक्यावर असतो. वीस मिनिटांनी कुकीचा रंग बघून वर ॲल्युमिनियम फॉइल सैलसर टाका. ओटीजीच्या आतला हवा फिरवणारा पंखा चालू असेल तर तापमान १५ अंशांनी उतरवा.

मध्येच लाईट गेली तर दार उघडू नका. दहा-पंधरा मिनिटांत आली तर आतली धग काम करत राहिलेली असते, नंतर पाच-सात मिनिटं वाढवून भागतं.

झालं हे ओळखायचं कसं?

केकची टूथपिक इथे चुकीचं सांगते. ती कोरडी बाहेर आली म्हणजे चीजकेक हाताबाहेर गेला. खरवस आठवा. नेमका उकडला की लुसलुशीत, जास्त उकडला की जाळी पडते आणि पाणी सुटतं. चीजकेकमध्येही तेच घडतं. उष्णतेने प्रथिनं आवळत जातात आणि शेवटी पाणी पिळून टाकतात.

साधारण २८ ते ३२ मिनिटांनी टिनला हलकासा धक्का द्या. कडेचा दोन-तीन इंच भाग स्थिर आणि मधला विरजलेल्या दह्यासारखा थरथरला की ओव्हन बंद करा. मधला भाग पाण्यासारखा लाटा मारत असेल तर आणखी पाच मिनिटं. सुईचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ६८ ते ७० अंश दिसले की पुरे. मग दार किंचित उघडं ठेवून टिन दहा मिनिटं आतच राहू द्या. एकदम गार हवा लागली की वर भेगा पडतात.

वड्या पाडायची घाई

नारळाच्या वड्या आपण कोमट असतानाच पाडतो, गार झाल्या की तुटतात. हात त्या सवयीचा असतो आणि इथे नेमका तोच नडतो. माझ्या भाचीच्या वाढदिवसाला मी पहिला ट्रे केला तेव्हा तासाभरात सुरी घातली. वरची कुकी सरकली, मधलं चीज बाजूंनी बाहेर आलं, आणि पोर ताट घेऊन समोर उभी. तिचा पडलेला चेहरा मला अजून आठवतो. चीजकेकमधली चरबी गार झाल्यावर घट्ट होते तेव्हाच थर एकमेकांना धरतो. आधी बाहेर पूर्ण निवू द्या, मग फ्रिजमध्ये निदान चार तास, खरं तर रात्रभर.

गरम टिनवर झाकण ठेवू नका. वाफेचे थेंब पडून वरची कुकी सादळते. आणि निवल्यावर झाकण विसरू नका, कारण चीज वास फार पटकन ओढून घेतं. एकदा माझ्या बारना शेजारच्या वाटीतल्या लसणाच्या चटणीचा वास लागला, तेव्हापासून मी घट्ट झाकणाचा डबा वापरते.

कापायच्या आधी वीस मिनिटं फ्रीजरमध्ये, मग कागदासकट उचलून पाटावर. लांब पातळ सुरी गरम पाण्यात बुडवायची, पुसायची, सरळ खाली दाबायची. करवतीसारखी पुढेमागे नाही. प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसायची. ८ इंची टिनमधून १६ चौकोन निघतात.

बिघडलंच तर

तळ कच्चा आहे हे टिन गरम असतानाच कळलं तर वर फॉइल टाकून फक्त खालचा रॉड लावा आणि ८-१० मिनिटं द्या. मध्यभाग वाहता राहिला आणि ते फ्रिजमधून काढल्यावर लक्षात आलं, तर तसं खाऊ नका, त्यात कच्चं अंडं आहे. १५० अंशांवर पुन्हा १५ मिनिटं भाजा. पोत थोडा रवाळ होईल, चव राहील. चीज फाटून कोरडं झालं असेल तर बारचा चुरा करून व्हॅनिला आइस्क्रीममध्ये कालवा. मुलं तो आधी संपवतात.

चांगले झालेले बार फ्रिजमध्ये चार दिवस टिकतात. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि आमच्या उन्हाळ्यात एका तासापेक्षाही नको. एकेक तुकडा कागदात गुंडाळून फ्रीजरमध्ये महिनाभर राहतो. खायचा असेल त्याच्या आदल्या रात्री तो खालच्या कप्प्यात उतरवून ठेवा.