पोटाची चरबी हटत नाही? आधी या चुका टाळा

रंकाळ्यावर पहाटे माझ्याबरोबर फिरणारे एक अण्णा आहेत. मागच्या हिवाळ्यात त्यांनी पोटाला काळा रबरी पट्टा आवळायला सुरुवात केली. फेरी संपली की कट्ट्यावर बसून पट्टा सोडायचा, आतला घाम दाखवायचा आणि म्हणायचं, "सर, बघा की. चरबी कशी पाण्यागत निघालीया." मी आयुष्यभर अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलेला माणूस, गप्प बसणं जड जातं. म्हटलं, "अण्णा, हे पाणी आणि मीठ. घरी जाऊन दोन तांबे पाणी प्यालात की वजन परत जाग्यावर." अण्णा हसले. दुसऱ्या दिवशी पट्टा होताच.

खरा घोटाळा 'चरबी वितळते' या शब्दांत आहे. लोणी कढवल्यागत शरीरात काही होत नाही. ३७ अंश तापमानाला मेदपेशीतली चरबी मुळातच पातळ थेंबाच्या रूपात असते. ती वितळवायची नसतेच, तोडायची असते. चरबीचा एक रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या एका दांडीला लागलेली तीन मेदाम्लं. ती सुटी झाल्याशिवाय पेशीबाहेर पडत नाहीत. आणि ती सुटी करायची की नाही, हे घाम ठरवत नाही, संप्रेरकं (हार्मोन) ठरवतात.

मग घटलेली चरबी जाते कुठे? २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी हा हिशेब मांडला होता. १० किलो चरबी पूर्ण जळली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडते, उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. म्हणजे अण्णांची चरबी पट्ट्याखालून नाही, नाकातोंडातून जाते.

दरवाजा कोण उघडतं?

पावसाळ्यात आपल्याकडे सगळ्यांचे कान एका बातमीकडे असतात: राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले का? धरण भरलं की ते आपोआप उघडतात, कोणी हुकूम द्यावा लागत नाही. बऱ्याच जणांना वाटतं चरबीचंही तसंच असेल, साठा जास्त म्हणजे ती सुटायलाही सोपी. तसं नाही. इथल्या दरवाजाला हुकूम लागतो.

मेदपेशीतल्या थेंबाभोवती पेरिलिपिन नावाच्या प्रथिनाचा पहारा असतो. उपाशीपोटी किंवा चालताना मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअॅड्रेनालिन आणि रक्तातून अॅड्रेनालिन ही हुकूम देणारी रसायनं पेशीपाशी येतात. ती पेशीच्या आत येत नाहीत, बाहेरूनच निरोप देतात. आत तो निरोप सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू फिरवतो. हे निरोप्याचं काम उलगडणाऱ्या अर्ल सदरलँड यांना १९७१चं नोबेल मिळालं. निरोप पोचला की पेरिलिपिन बाजूला होतं आणि लायपेज नावाची विकरं (एन्झाइम), म्हणजे चरबी तोडणारी प्रथिनं, थेंबावर तुटून पडतात. गंमत म्हणजे यातलं पहिलं मेदाम्ल तोडणारं मुख्य विकर २००४ साली सापडलं. त्याआधी शिकवताना आम्ही सगळं श्रेय दुसऱ्याच विकराला देत होतो.

आता इन्शुलिन. जेवलं की ते वाढतं आणि बाहेरूनच हुकूम देऊन पेशीतला तो निरोप्याच मोडायला लावतं. दरवाजा बंद. यासाठी इन्शुलिन फार लागतही नाही. साखर स्नायूंत ढकलायला जेवढं लागतं त्याच्या कितीतरी कमी मात्रेत चरबीची तोड थांबते.

"फेरी झाली, आता चहा"

सर्वांत जास्त दिसणारी चूक ही. तासभर चालून यायचं आणि लगेच दोन चमचे साखरेचा चहा, वर खारी, नाहीतर उसाचा रस. "सर, गूळ चालतोय की, साखर नको." गुळाचा अभिमान कोल्हापूरकराला असावाच, पण मेदपेशीला गूळ आणि साखर यांतला फरक कळत नाही. दोन्हींनी इन्शुलिन वाढतं आणि उघडलेला दरवाजा मिटतो.

पण इथेच लोक दुसऱ्या टोकाला जातात: "मग दोष सगळा इन्शुलिनचा, भात-भाकरी बंद, तूप-मटण कितीही." हेही चूक. दरवाजा दिवसातून अनेकदा उघडतो आणि मिटतो. महिन्याअखेर साठा घटला की वाढला, हे आत किती आलं आणि किती जळलं यावर ठरतं. मुद्दा फक्त चहाचा नव्हे, त्यातल्या कॅलरींचा आहे. ७० किलोचा माणूस तासभर साध्या चालीने चालला तर साधारण २५० कॅलरी जळतात, आणि त्यातल्या सत्तर तर तो घरी बसून राहिला असता तरी जळल्या असत्या. संध्याकाळी गंगावेशीत धारोष्ण दुधाचा अर्ध्या लिटरचा ग्लास उभ्या उभ्या संपवला की पोटात ५००च्या आसपास कॅलरी गेल्या. दूध वाईट नाही. पण त्या ग्लासाच्या मागे जोर-बैठका होत्या. तालीम सुटली आणि खुराक सुटला नाही, अशी पोटं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत.

सुटली म्हणजे जळली, असं समजणं

मेदाम्लं रक्तात आली की अल्ब्युमिन या प्रथिनावर बसून फिरतात. वाटेत कामाला लागलेला स्नायू भेटला तर तो ती उचलून जाळतो. नाही भेटला तर बरीचशी पुन्हा चरबी होऊन बसतात, काही मेदपेशीत, काही यकृतात. बिंदू चौकात कोणी गाडी घासून गेला आणि तुमचं डोकं फिरलं, तर अॅड्रेनालिन उसळतं, चरबी सुटतेही. पण तुम्ही बसलेले गाडीतच. त्या चरबीला काम मिळालं नाही.

रिकाम्या पोटी चालण्याचंही तेच. चालताना चरबीचा वाटा जास्त असतो हे खरं, पण पूर्ण दिवसाचा हिशेब लावला तर फारसा फरक उरत नाही. सोसत असेल तर चाला, चक्कर येत असेल तर हट्ट करू नका. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांची साखर अशा वेळी एकदम उतरू शकते. त्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

पोटाचे व्यायाम करून पोट उतरवणं

पोटाच्या व्यायामाने पोटाचे स्नायू मजबूत होतात. चरबी मात्र हुकूम जिथे जास्त मानला जातो तिथून सुटते. हुकूम घेणारे दोन प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) पेशीवर असतात: बीटा ग्राहक दरवाजा उघडतात, अल्फा-२ मिटतात. बायकांच्या मांड्या आणि नितंबांवर अल्फा-२चा जोर जास्त असतो, म्हणून तिथली चरबी हट्टी. पोटाच्या आत आतड्यांभोवतीची चरबी उलट चटकन हलते. पट्टा न लावताही.

साठा फार फुगला की मात्र दरवाजालाच गळती लागते. मोठ्या झालेल्या मेदपेशी इन्शुलिनचं ऐकेनाशा होतात, आणि मेदाम्लं नको तेव्हाही रक्तात, तिथून यकृतात झिरपत राहतात. अशा माणसाचा त्रास 'चरबी सुटत नाही' हा नसतो. ती चुकीच्या वेळी सुटते आणि जाळणारं कोणी नसतं. यावर औषध म्हणजे चालणंच. स्नायू तेवढे कामाला लागले पाहिजेत.

जिवावर बेतणाऱ्या चुका

'इन्शुलिन चरबी अडवतं' हे कुठेतरी वाचून इन्शुलिनचं इंजेक्शन बंद करणं ही सर्वांत भयंकर. टाइप १ मधुमेहात इन्शुलिन पूर्ण थांबलं की चरबीच्या तोडीला लगामच राहत नाही. यकृत मेदाम्लांपासून कीटोन नावाची आम्लधर्मी द्रव्यं बनवत सुटतं आणि रक्त आम्ल होतं. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास असं दिसलं तर घरी लिंबूपाणी देत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

वजनासाठी कुणाच्या तरी थायरॉइडच्या गोळ्या खाणंही तसंच. स्नायू झडतात, हृदयाचे ठोके बिघडतात. 'फॅट बर्नर'च्या डब्यांत बऱ्याचदा मुख्य मालमसाला कॅफीन असतो.

काटा अडला तर

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात आणि नंतर काटा ढिम्म. घाबरू नका. यकृत-स्नायूंत चारपाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असतं आणि ते आपल्या तिप्पट पाणी धरून ठेवतं. आधी उतरलं ते बरंचसं हेच. एक किलो चरबीत सात हजारांवर कॅलरी, ती इतक्या दिवसांत जाणं शक्यच नव्हतं. शिवाय साठा घटू लागला की मेदपेशींतलं लेप्टिन हे भूक आवरणारं संप्रेरक कमी होतं, भूक वाढते आणि शरीर खर्च आवरतं घेतं. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर (बीटा ग्राहक अडवणारी गोळी) चालू असेल तर तोही हुकूम थोडा दाबतो. पण म्हणून गोळी आपल्या मनाने सोडायची नाही, डॉक्टरांशी बोलायचं.

काट्यापेक्षा शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८०, ही हद्द. अण्णांचं मोजलं तेव्हा १०२ भरलं. आधी ९७ भरलं होतं, पण तेव्हा त्यांनी पट्टा काढला नव्हता.