पहिलं युकुलेले घेताना दुकानात काय काय वाजवून बघायचं

बडोद्याच्या दांडिया बाजारात मी हार्मोनियम आणि सुगम संगीत शिकवते. परीक्षा संपत आल्या की कुणाची ना कुणाची आई विचारतेच, ‘ताई, युकुलेले घ्यायचंय. कुठलं घेऊ? फार महाग नको.’ युकुलेले म्हणजे गिटारसारखं दिसणारं छोटं चार तारी वाद्य. मी स्वतः वाजवते ते आपलं घरच्यापुरतं, जेवणं उरकली की गॅलरीत बसून. पण सूर लागलाय की नाही एवढं मला कळतं आणि स्वस्तातलं युकुलेले घेताना नेमकं तेवढंच कळावं लागतं. बाकीचं दुकानदार न विचारता सांगतो.

आधी साइज ठरवून मगच दुकानात जा, कारण तिथे गेल्यावर रंगच दिसतात. आपल्याकडे दुकानदार इंचात बोलतात. एकवीस इंची म्हणजे सोप्रानो, तेवीसची कॉन्सर्ट, सव्वीसची टेनर. नऊ-दहा वर्षांपर्यंतच्या मुलाला एकवीस इंची पुरे. त्याहून मोठ्या मुलांना आणि आपल्यासारख्यांना तेवीस इंची घ्यावं. दोन फ्रेटमध्ये, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांमध्ये, बोट मावायला जागा मिळते आणि किंमतही फारशी वाढत नाही. टेनरचा आवाज भरदार असतो, पण पहिल्यांदाच घेताय तर तेवढे पैसे कशाला? आणि बॅरिटोन घेऊच नका. त्याच्या तारा गिटारच्या पहिल्या चार तारांसारख्या लावतात, म्हणजे युकुलेलेचे धडे बघून शिकायला बसलात की बोटं तशीच धरूनही सूर वेगळाच येतो.

आता सुराचं. चार तारा जी, सी, ई, ए अशा लावतात. पेटीवर बघा: पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी सहा. पांढरी एकला सा धरला तर प, सा, ग, ध. सगळ्यात वरची, म्हणजे वाजवताना हनुवटीच्या बाजूला येणारी पंचमाची तार खर्जातली नाही, ती सा-च्या वरचाच प आहे. घरात गिटार वाजवणारा कुणी असेल तर तो हमखास ही तार सप्तकभर खाली उतरवून ठेवतो आणि मग ‘हे वाजतच नाही’ म्हणतो. खालच्या जीसाठी वेगळी जाड तार मिळते, पण तो पुढचा खेळ.

चारही तारा मोकळ्या छेडल्यात तर भूपातले चार स्वर मिळतात. फक्त रे राहतो. तो सी-च्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला आहे, आणि तार सा ए-च्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. म्हणजे ज्याला सा रे ग प ध सां म्हणता येतं, त्याला दुकानात उभ्या उभ्या युकुलेले तपासता येतं. मोबाइलवर ट्यूनरचं अ‍ॅप घेऊन जा आणि चारही तारा आधी सुरात लावून घ्या. दुकानदार म्हणेल, ‘बेन, ट्यून तो घरे जईने करी लेजो,’ म्हणजे सूर घरी जाऊन लावा. ऐकू नका. बेसूर वाद्यावर काहीच तपासता येत नाही, आणि त्यालाही ते माहीत असतं.

तारा लागल्या की हे करा. ई-ची तार तिसऱ्या फ्रेटला दाबून वाजवा, लगेच वरची मोकळी जी वाजवा. दोन्ही पंचमच आहेत, एकच स्वर यायला हवा. मग सी-ची तार चौथ्या फ्रेटला दाबा, ती मोकळ्या ई-शी जुळायला हवी. ई पाचव्या फ्रेटला, ती मोकळ्या ए-शी. दाबलेला स्वर मोकळ्यापेक्षा चढा येत असेल तर बहुधा नट उंच आहे, म्हणजे मानेच्या टोकाशी ज्या पट्टीवरून तारा जातात ती. तार फ्रेटपर्यंत पोचवायला बोटाला जास्त दाबावं लागतं, तार ताणली जाते आणि स्वर चढतो. स्वस्त युकुलेल्यांत सगळ्यात जास्त सापडणारा दोष हाच, आणि सुरुवातीचे सगळे कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे स्वरांचे गट, पहिल्या तीन फ्रेटमध्येच असतात, त्यामुळे तो सारखा ऐकू येतो. मुलगी कॉर्ड बरोबर धरते आणि कानाला खोटंच लागतं. मग आपण तिलाच म्हणतो, नीट दाब. नटच्या खाचा कानस मारून खोल करता येतात, पण त्या भानगडीत न पडता त्याच मॉडेलचा दुसरा नग काढायला सांगा. एकाच खोक्यातले दोन नग सारखे निघतीलच असं नाही.

मग बारावा फ्रेट. प्रत्येक तार तिथे दाबली की मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकातला तोच स्वर यायला हवा. थोडासा फरक या किमतीत चालवून घ्या, पण श्रुतीभर चढा येत असेल तर ठेवून द्या. एक सांगून ठेवते, तंबोऱ्यावर तयार झालेल्या कानाला युकुलेलेचा गंधार जरा चढाच वाटेल. तो दोष नाही. फ्रेट पेटीच्याच हिशेबाने, सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात.

तारांची उंची मोजायला एटीएम कार्डं पुरतात. एक कार्ड पाऊण मिलिमीटरचं असतं. बाराव्या फ्रेटवर, फ्रेटच्या धातूची वरची कड आणि तार यांच्यामध्ये तीन कार्डं अलगद बसली तर उत्तम. चार कार्डं आत जाऊन वर फट उरत असेल तर बोटं दुखतील आणि वाद्य खुंटीवर लटकेल. उलट एकच कार्ड मावत असेल तर जोरात वाजवल्यावर तार फ्रेटला घासून झणझणेल. त्यासाठी प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटला एकदा वाजवायची. पाच मिनिटं लागतात. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

मानेच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवा. फ्रेटची टोकं टोचत असतील तर उन्हाळ्यात ती अजून बाहेर येणार, कारण आपल्याकडच्या कोरड्या उन्हात लाकूड आकसतं, धातू तेवढाच राहतो. खुंट्या गिअरवाल्याच घ्या. नुसत्या घर्षणावर बसणाऱ्या सरळ खुंट्या शिकणाऱ्याला छळतात. घोडीच्या, म्हणजे वाद्याच्या पोटावर तारा जिथे अडकवतात त्या पट्टीच्या, मागच्या कडेखाली कागदाचा कपटा सरकवून बघा. आत गेला तर डिंक सुटायला लागलाय.

लाकडावरून लोक फार वाद घालतात. सॉलिड लाकडाचा आवाज चांगला, खरंच चांगला. पण बडोद्यात मे महिन्यात चाळिशीच्या वरचा पारा आणि जुलैत भिंतींना ओल, असं हवामान. त्यात सॉलिड लाकूड सांभाळणं हे व्याप आहे. पहिल्यासाठी लॅमिनेट, म्हणजे थर चिकटवलेलं लाकूड घ्या. ते हवामानाला कमी दाद देतं. मागची बाजू एबीएस प्लास्टिकची असलेली मॉडेल्सही मिळतात, वरची पाटी लाकडाची. लहान मुलांच्या घरात तीच बरी. अर्थात कुठलंही असो, उन्हात लावलेल्या गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवू नये.

किमतीचं माझं मत असं: दीड-दोन हजारांच्या आतली बरीचशी खेळण्यात जमा असतात, चित्रं छान, डॉल्फिनच्या आकाराची घोडी, आणि तार धरून राहत नाही. अडीच ते पाच हजारांत शिकण्याजोगं वाद्य मिळतं. मकाला, कॅडन्स अशी नावं या बाजारात ऐकू येतात, पण नाव बघून घेऊ नका, हातातला नग वाजवून घ्या. रावपुऱ्यात किंवा कुठेही चार नग वाजवू देणारं दुकान शंभर-दोनशे महाग पडलं तरी परवडतं. ऑनलाइन मागवलंत तर परत करण्याची मुदत आधी वाचा आणि खोकं आलं त्याच संध्याकाळी वरच्या सगळ्या तपासण्या करा.

घरातले मोठे विचारतील, हे कसलं परदेशी खेळणं? त्यांना सांगा, १८७९ साली मदेरा बेटाहून जहाजाने हवाईतल्या होनोलुलुला गेलेल्या पोर्तुगीज सुतारांनी त्यांच्या बेटावरच्या छोट्या चार तारी वाद्यावरून हे घडवलं. बडोद्यातल्या सुरसागर तलावासमोरचं आपलं म्युझिक कॉलेज ज्या गायनशाळेतून उभं राहिलं, ती सयाजीरावांनी गायक मौलाबक्षांच्या हाताखाली १८८६ मध्ये काढली. म्हणजे दोन्ही साधारण एकाच वयाची.

सोबत काय घ्यायचं? जाड अस्तराची बॅग आणि चिमट्यासारखा लागणारा क्लिप-ऑन ट्यूनर. फोनचं अ‍ॅप चालतं, पण नवरात्रात बाहेर गरबा सुरू असला की त्याला भलताच सूर ऐकू येतो; क्लिपवाला लाकडाची थरथर पकडतो. ‘कॉम्बो’मधला कॅपो, पिकांची डबी, पट्टा यांवर पैसे घालवू नका. त्याऐवजी तारांचा एक चांगला जोड घ्या. इटलीच्या अक्विलाच्या तारा बऱ्याच ठिकाणी मिळतात, काहीशे रुपयांत, आणि साध्या वाद्याचाही आवाज त्यांनी उघडतो.

नव्या तारा पहिले काही दिवस सारख्या उतरतात. वाद्य खराब निघालं म्हणून परत धावू नका, त्या ताणल्या जात असतात. रोज वाजवायला बसण्याआधी लावा, आणि लावताना खालून वर चढवत न्या. पुढे गेली तर पुन्हा उतरवून वर आणा. फक्त गिटारच्या दुकानातून कुणी हौसेने स्टीलच्या तारा दिल्या तर त्या चढवू नका. युकुलेले नायलॉनसारख्या हलक्या ताणासाठी बांधलेलं असतं. स्टीलचा ताण बसला की घोडी मुळासकट उपटून येऊ शकते.