भूकंपग्रस्त गावात मदतीला जाताय? या चुका टाळा

१९९३ साली लातूर जिल्ह्यात किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सोलापुरात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. तिसऱ्या दिवशी आम्ही चौदा पोरं एका टेम्पोत बसून उमरग्याच्या रस्त्याला लागलो. टेम्पोत जुन्या कपड्यांची गाठोडी, ग्लुकोज बिस्किटांची खोकी आणि कॉलेजच्या नावाचं भलं मोठं बॅनर. फावडं एकही नाही. पाण्याचे दोन कॅन होते, ते वाटेतच आम्ही पिऊन संपवले. तेव्हा खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत. पुढे गुजरातेत भुजच्या भूकंपानंतर तिथेही जाऊन आलो. आता कुठे काही झालं आणि ओळखीची पोरं निघाली, की त्यांना आधी तासभर बसवून हेच सांगतो.

बोलावणं नसताना निघणं

उमरग्याच्या पुढे आमचा टेम्पो दोन तास जागचा हलला नाही. पुढे-मागे जीपगाड्या आणि मोटरसायकली, त्यातल्या अर्ध्याअधिक नुसतं बघायला आलेल्यांच्या. मागून रुग्णवाहिकेचा भोंगा वाजत होता. आम्ही बघ्यांना शिव्या घालत होतो, पण त्या रुग्णवाहिकेला आम्हीही अडवूनच उभे होतो की.

पहिल्या दोन-तीन दिवसांत ढिगाऱ्याखालून माणूस काढणं हे शिकलेल्यांचं काम आहे. लातूर-उस्मानाबादकडची जुनी घरं माळवदाची होती. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, लाकडी खांब-तुळया आणि वर मातीचा जाड थर. सिमेंटची स्लॅब पडली तर खाली कुठे तरी पोकळी राहते, माणूस तग धरू शकतो. माळवद कोसळलं की दगडांच्या फटींत मातीच भरते, श्वासाला जागा उरत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, आदल्या रात्री गणपती बोळवून सगळी झोपलेली असताना हे झालं. सरकारी नोंदीप्रमाणे ७,९२८ माणसं गेली. ६.२ तीव्रतेच्या धक्क्याला एवढी माणसं जावीत, यात त्या माळवदांचा वाटा फार मोठा.

त्या वेळी हे काम लष्कराने केलं. आता एनडीआरएफ, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आहे आणि तिची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला असते. आपण आधी जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन करायचा आणि तीनच गोष्टी विचारायच्या : माणसं हवीत का, कुठल्या गावात, कोणाच्या हाताखाली. ‘सध्या नको’ म्हणाले तर राग मानू नका. तिसऱ्या आठवड्यात ट्रक यायचे थांबतात, टीव्हीवाले निघून जातात. खरी माणसं तेव्हा कमी पडतात.

धनुर्वाताचं इंजेक्शन, जाड तळव्याचे बूट, तोंडाला मास्क, स्वतःचं पाणी आणि शिधा हे घेतल्याशिवाय निघू नका. तडा गेलेल्या भिंतीच्या सावलीला बसायचं नाही, कितीही ऊन असो. नेपाळात २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर १७ दिवसांनी, १२ मे रोजी ७.३ चा धक्का बसला, त्यातही माणसं गेली.

कपड्यांची गाठोडी

याबद्दल फार लिहीत नाही. किल्लारीत आभाळ फाटल्यासारखा पाऊस लागला होता आणि रस्त्याकडेला कपड्यांचे ढीग चिखलात कुजत होते. आमचीही गाठोडी त्यातच गेली. नऊवारी नेसणाऱ्या बाईला शहरातला गाऊन देऊन ती तो घालील, असं आम्हाला का वाटलं असेल कोण जाणे.

ताडपत्री, सुतळी-दोर, घमेली, फावडी, बादल्या, झाकणाची भांडी, कंदील किंवा बॅटऱ्या, सॅनिटरी पॅड हे सगळं नवं आणि मोजून न्या. जनावरं वाचली असतील तर वैरण. आणि हंगाम बघा. सप्टेंबरअखेर म्हणजे रब्बी ज्वारीची पेरणी तोंडावर आलेली, बी-बियाणं आणि अवजारं ढिगाऱ्याखाली. आमच्यातल्या एकानेही त्या पहिल्या फेरीत ‘पेरणीचं काय?’ असं कोणाला विचारलं नाही. शेतकऱ्यांची पोरं आमच्यात निम्मी होती.

ट्रकवरून फेकणं

हमरस्त्यावरच्या गावात चार-चार ट्रक, आणि आत पाच किलोमीटरवर काहीच नाही, हे दर वेळी होतं. गावातही तेच. धडधाकट गडी पुढे येऊन घेऊन जातो. मागे राहतात म्हातारी माणसं, बाळंतीण आणि गावकुसाबाहेरची वस्ती. वाटप सरपंचाच्या घरापुढे ठेवलं तर काही जण तिथवर येतच नाहीत, आणि का येत नाहीत ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

झुंबड उडाली तर वाटप थांबवा, ट्रकचं फाळकं लावा आणि पन्नास पावलं पुढे न्या. मग गावातल्याच दोन बायकांना मधे घ्या. कोणाच्या घरात किती खाणारी तोंडं उरलीत ते त्यांना तोंडपाठ असतं. पुढे घरांच्या सरकारी दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कामातही गावोगावच्या बायकाच ‘संवाद सहायक’ म्हणून, गाव आणि सरकार यांच्यातला दुवा बनून उभ्या राहिल्या, ते उगाच नाही.

‘कसं झालं, सांगा ना’

सगळ्यात वाईट चूक ही, आणि ती प्रेमापोटी होते.

तेरणा नदीकाठच्या एका गावात पत्र्याच्या आडोशाला एक आजी बसल्या होत्या. सोबत सहा-सात वर्षांचा नातू. मी समोर उकिडवा बसलो आणि पहिलाच प्रश्न टाकला, “आजी, घरातलं कोण कोण गेलं?” त्यांनी बोटावर मोजून सांगितलं. एक, दोन, तीन, चार. आवाज सपाट. माझ्या आधी त्या दिवशी आणखी तीन गटांनी तेच विचारलं होतं, हे नंतर कळलं. नातू प्रत्येक वेळी ऐकत होता.

मग त्या म्हणाल्या, “बस की बाळा, च्या टाकते.” तीन दगडांची चूल, वर एक चेपलेलं पातेलं. मी म्हटलं, “नको आजी, तुमच्याकडेच काही नाही, कशाला?” त्यांनी पदराआडून पुडी काढून दाखवली. “साखर हाय की.” आम्हीच सकाळी वाटलेली पुडी होती ती. मी घाईत होतो, अजून बारा घरं करायची होती. उठलो. त्या पातेल्याकडे बघत राहिल्या.

भिंत पडली तरी दार त्यांचंच असतं. आपण त्या दारात आलेले पाहुणे. बाहेरून हाक मारायची, ‘येऊ का?’ म्हणायचं, आपलं नाव-गाव सांगायचं, बसा म्हटलं तर बसायचं, चहा दिला तर घ्यायचा. घर पडलेल्या बाईला कोणाचं तरी करायला मिळणं ही गोष्ट लहान नाही.

विचारायचं ते आजचं विचारा : रात्री झोपायला कोरडी जागा आहे का, औषधं चालू होती का, कोणाला निरोप द्यायचाय का. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचं सूत्र तीन क्रियापदांचं आहे : पाहा, ऐका, जोडून द्या. ‘बोलतं करा’ असं त्यात नाही. माणूस आपण होऊन बोलला तर पूर्ण ऐकायचं, खोदायचं मात्र नाही.

‘रडू नका’, ‘देवाची इच्छा’, ‘तुम्ही तरी वाचलात’ ही वाक्यं घरीच ठेवून या. रडू आलं तर रडू द्या, शेजारी बसा. आणि कोणी विचारलं की ‘आमच्या माणसाला कुठं अग्नी दिला?’, तर उडवून लावू नका. किल्लारी भागात कित्येकांचं सामूहिक दहन झालं. साथ पसरेल या भीतीने अशा वेळी घाई होते, पण इजेने गेलेल्यांच्या मृतदेहांमुळे साथी पसरत नाहीत. ओळख पटवणं, फोटो आणि नोंद ठेवणं याला वेळ द्यायला हवा. पुढे मृत्यूचा दाखला, आणि दाखल्यावर मदत, सगळं त्या नोंदीवर अडतं.

राग आपल्यावर निघाला तर

निघतोच. किल्लारीला १९९२ च्या ऑगस्टपासून धक्के बसत होते. लोक कित्येक रात्री बाहेर झोपले, मग धक्के थांबले तसे पुन्हा आत गेले. ‘तेव्हाच का नाही कोणी काही केलं?’ असं एक काका माझ्या अंगावर ओरडले. मी सरकारची बाजू सांगायला लागलो! वीस वर्षांचा मी, मला कोणी नेमलं होतं? ‘खरंय तुमचं’ म्हणून गप्प बसायचं. ते दहा मिनिटांत शांत होतात, किंवा होत नाहीत.

शब्द देणं

‘घर मिळेल’, ‘नोकरीचं बघतो’, ‘पुढच्या महिन्यात येतो’ असलं काही बोलू नका. पुनर्वसनाचे नियम आपल्या हातात नसतात. किल्लारीनंतर नव्या घराचं माप जमिनीवरून ठरलं : भूमिहीनाला २५० चौरस फूट, मग ४००, मोठ्या जमीनवाल्याला ७५०. आम्ही कोपऱ्याकोपऱ्यावर ‘सगळ्यांना सारखं मिळेल’ म्हणत सुटलो होतो.

आपलीच वेगळी यादीही करू नका. कोणी वहीत नाव लिहिलं की माणूस वाट बघत बसतो. त्यापेक्षा तलाठ्याच्या पंचनाम्यात नाव आलंय का ते सोबत जाऊन बघा, रेशनकार्डाची दुय्यम प्रत काढायला मदत करा. कंटाळवाणं काम आहे, बॅनर लावता येत नाही, म्हणूनच ते करायला माणूस मिळत नाही.

मुलं

एकटं मूल दिसलं तर त्याला ‘आपल्याकडे नेतो’ म्हणू नका, कितीही कळवळा आला तरी. मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, १०९८ वर कळवा. पुढचं बालकल्याण समिती बघते. बहुतेक वेळा काका, मावशी, आजी कुठे तरी शोधत असतात. चॉकलेटं वाटून गर्दी जमवण्यापेक्षा एक चेंडू न्या आणि रोज ठरल्या वेळेला त्याच जागी खेळा.

फोटो

न विचारता काढू नका, हे सगळे सांगतात. माझं म्हणणं थोडं पुढचं आहे. आपण त्यांचे शेकडो फोटो काढतो आणि त्यांच्याकडे त्यांच्या माणसांचा एकही उरलेला नसतो. भिंतीवरच्या तसबिरी, लग्नाचा अल्बम, सगळं मातीत.

दिवाळीनंतर मी त्या आजींकडे पुन्हा गेलो. चहा प्यायलो. बोलता बोलता कळलं की त्यांचे एक भाचे सोलापुरात गिरणीत आहेत. परत येऊन त्यांना शोधलं. त्यांच्या लग्नाचा अल्बम होता. त्यात पंगतीच्या एका फोटोत, कडेला, हातात बुंदीची परात घेऊन वाढायला वाकलेली आजींची थोरली सून होती, त्या मुलाची आई. चेहरा अर्धाच, पण हसरा. स्टुडिओवाल्याने तेवढाच भाग मोठा करून दिला, जरा धूसर आला. मुलाने तो पाहिला आणि आधी विचारलं, “हातात काय हाय?”

“बुंदी,” आजी म्हणाल्या.